फ्रिजचा खालचा कप्पा

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मी घरात मासे तळणार का हेही विचारलं नाही. "हात दाखव," म्हणाले. मला वाटलं, गृहस्थ भविष्य बघतात. मी उजवा तळवा पुढे केला. त्यांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, कोरडा आहे! घाम नाही!"

"आधी तिला पाणी तरी द्या," आतून उत्तर आलं.

सिंगापूरच्या उन्हात बिशानच्या स्टेशनपासून चालत येऊनही आपले तळवे कोरडे राहतात, हा आपला एक गुण आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक आहे, चिकट पदार्थांवर संशोधन करते. "म्हणजे गोंद?" "हो, गोंदच म्हणा." ते चक्क उठून उभे राहिले. माझ्या संशोधनाला उभं राहून मान देणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. "उद्याच सामान आण," म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव गोंदबाई पडलं.

त्यांना सगळे चीफ म्हणत. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून, चीफ इंजिनियर होऊन ते किनाऱ्याला लागले होते आणि आता तांजोंग पगारच्या एका शिपिंग कंपनीत बसून फोनवरून दुसऱ्यांच्या इंजिनांची हजेरी घेत. काकूही त्यांना चीफ म्हणत, पण फक्त भांडताना. एरवी 'अहो'. त्यामुळे माझ्या खोलीत बसूनही मला घरातलं हवामान कळत असे.

घरात नियम एकच होता. फ्रिजचा खालचा कप्पा, जिथे जगभर भाज्या ठेवतात, तो उघडायचा नाही. काकूंची मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता वरच्या फळ्यांवर दाटीवाटीने राहायची आणि दार उघडलं की अंगावर यायची. खालच्या कप्प्यात मात्र एकच निळी कापडी पिशवी ऐसपैस पडलेली असे. तिच्यात चीफच्या स्किन्स होत्या.

स्किन्स म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात दोन तास बसवून सांगण्यात आलं. तुम्हाला थोडक्यात सांगते. बर्फाच्या डोंगरावरून स्की घालून माणसं खाली घसरत येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जिथे वर नेणारे पाळणे नसतात तिथे आधी आपल्या पायांनी वर जावं लागतं, आणि मुळात घसरण्यासाठीच केलेली वस्तू पायाला बांधून चढ चढायचा म्हणजे फजितीच. म्हणून स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. ती स्किन. तिच्या एका बाजूला आखूड, दाट केस असतात आणि दुसऱ्या बाजूला गोंद. केस मांजराच्या पाठीसारखे. स्की पुढे सरकवली की गुळगुळीत, मागे घसरू लागली की उलटे उभे राहून बर्फ धरून ठेवणारे. पूर्वी ही पट्टी खरोखरच सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची असते. वर पोचलं की ती सोलून काढायची, घडी करून जॅकेटच्या आत छातीशी ठेवायची आणि मोकळ्या स्कीवरून मजेत खाली यायचं.

सिंगापूरमध्ये या वस्तूचा काय उपयोग, हा प्रश्न मात्र विचारायचा नसे. तो एकदा खालच्या मजल्यावरच्या एका चिनी अंकलनी विचारला होता. आमच्या इमारतीच्या तळाशी मोकळी जागा होती, तिथे दगडी टेबलांवर म्हातारी मंडळी बुद्धिबळ खेळत. एका रविवारी चीफ मला स्किन लावायला शिकवायला तिथे घेऊन गेले, आणि बुद्धिबळाचं एक टेबल अडवून त्यांनी त्यावर सरावासाठी कुठूनशी मिळवलेली एक जुनी स्की उताणी ठेवली. पुढचं कडं स्कीच्या टोकाला अडकवायचं, मग अर्धी घडी उघडायची, मधून बाहेर दाबत जायचं, मग उरलेली अर्धी, शेवटी मागचा आकडा. दोन्ही कडांना स्कीची पोलादी धार बारीकशी उघडी राहिली पाहिजे, म्हणून पट्टी ब्लेडने कापून बेतायची. "धार झाकलीस की कडक बर्फावर मेलीस," असं ते घामाघूम गर्दीत शांतपणे सांगत होते. अंकल बराच वेळ बघत राहिले.

"दिस वन फॉर व्हॉट, अंकल?"

"फॉर वॉकिंग अप इन स्नो."

"बट सिंगापूर नो स्नो, लह."

"दॅट इज व्हाय इट इज इन सच गुड कंडिशन," चीफ म्हणाले.

गोंदाच्या बाजूला बोट लावायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. पट्टी हातात घ्यायची ती केसांच्या बाजूने. घडी घालताना गोंदावर गोंद आला पाहिजे, म्हणजे त्याला बाहेरचं काही लागत नाही. सतरंजीवर ठेवायची नाही, लोकरीला टेकवायची नाही, मोटारीत विसरायची नाही. पंख्याखालीसुद्धा उघडायची नाही, कारण पंखा धूळ उडवतो. "माणूस विसरतो, गोंद विसरत नाही," ते म्हणत. "जे लागेल ते धरून ठेवतो." फ्रिजमध्ये ओल असते म्हणून पिशवीत ते सिलिका जेलच्या पुड्या ठेवत, आणि त्या पुड्या गोळा करण्यासाठी त्यांनी सगळ्या मराठी मंडळींना हैराण केलं होतं. कुणाच्या घरी बारशाला गेलो तरी बाळाकडे बघायच्या आधी यांचं लक्ष यजमानाच्या पायांकडे. "नवे बूट? खोक्यातली पुडी टाकून नाही ना दिलीत?" लोक घाबरून पुड्या जपून ठेवू लागले. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात तर त्यांना पाहुणे म्हणून बोलावून पुष्पगुच्छाऐवजी पुड्यांनी भरलेली बरणी दिली. त्यांना थट्टा कळलीच नाही. ते खूश होऊन भाषण ठोकून आले.

मला आधी वाटलं, हा माणूस दर वर्षी कुठल्या तरी डोंगरावर जात असेल. काकूंनी एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं, "अगं, एकदाच गेलेत. तेही अर्धेच."

गोष्ट अशी होती. फार वर्षांपूर्वी चीफचं जहाज नॉर्वेच्या उत्तरेला एका बंदरात दुरुस्तीसाठी अडकलं. कॅप्टन तिथलाच. त्याने दर रविवारी चीफना स्की शिकवली आणि निघायच्या आधी आपल्या घरामागच्या डोंगरावर घेऊन गेला. डोंगर काही मोठा नव्हता. चीफच्या भाषेत, "सिंहगडाहून लहान, पण वर चहावाला नाही." मधल्या एका उतारावर त्यांनी स्किन्स काढल्या आणि घडी न घालता तशाच स्वेटरच्या आत कोंबल्या. स्वेटर आईने विणलेला, भरघोस लोकरीचा. पुन्हा लावायला काढल्या तर गोंदावर लोकरच लोकर. माथा समोर दिसत असताना एक पट्टी गळून पडली, मग दुसरी. कॅप्टन काही न बोलता त्यांच्याबरोबर परत फिरला.

"त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी विसरलो असतो," चीफ मला एकदा म्हणाले. "एक शब्द बोलला नाही. जहाज सुटताना एक नवी जोडी हातात दिली आणि म्हणाला, नेक्स्ट टाइम."

तो नेक्स्ट टाइम पुढे पुढे सरकत राहिला. कधी जहाज, कधी मुलीचं कॉलेज, कधी मुलीचं लग्न. कॅप्टन दर नाताळाला फोन करायचा आणि सगळ्यात आधी स्किन्स कशा आहेत ते विचारायचा. चीफ आजारी नातेवाईकाची खुशाली सांगावी तशा गंभीरपणे सांगायचे. मला त्याचं हसू यायचं, आणि एकदा फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा बघितला तेव्हापासून यायचं बंद झालं.

मी तिथे राहत असतानाच्या दुसऱ्या वर्षी त्या फोनवर कॅप्टनने सांगितलं की हा त्याचा त्या घरातला शेवटचा हिवाळा. घर विकून तो मुलीकडे राहायला जाणार होता. ईस्टरला ये, म्हणाला. नेमका त्याच सुमारास चीफचा डावा गुडघा सुजला. नोव्हेना भागातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितलं, जिने टाळा. काकूंनी घरी येऊन सांगितलं, "आणि डोंगरही." चीफ भांडले नाहीत. "संपला तो कार्यक्रम," एवढंच म्हणाले. एवढ्या सहज म्हणाले की मला शंकाच आली.

आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं की ऑफिसच्या कामाला हॅम्बुर्गला जावं लागणार आहे, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. पाडवा जवळ आला तशी काकूंनी मुकाट्याने बॅग भरायला घेतली. प्रवासाच्या कुठल्याही बॅगेत काकू सेफ्टी पिनांचा झुबका, सुई-दोरा आणि परकराची एक कोरी नाडी टाकत. माणूस मुंबईला जावो नाहीतर माद्रिदला. चीफ त्या दर वेळी काढून टाकत. "हॅम्बुर्गला परकर घालून जाऊ का मी?" काकू म्हणत, "नाडी कधी लागेल सांगता येत नाही," आणि त्यांची पाठ वळली की ती परत आत जाई. त्या खेपेलाही हे नाटक यथासांग पार पडलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकू कडुनिंब आणि साखरगाठी आणायला लिटल इंडियात गेल्या. त्यांची लिफ्ट खाली गेली नसेल तोच चीफ माझ्या खोलीत. हातात निळी पिशवी आणि गोंदाची ट्यूब.

"गोंदबाई, दार लाव."

जुना गोंद ठिकठिकाणी गेला होता, नवा थर द्यायचा होता. तो आम्ही माझ्या टेबलावर दिला. मग खरी अडचण समोर आली. हा गोंद दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत उघड्यावर, लांबच्या लांब टांगून वाळवायला हवा होता. रात्र माझ्या कपाटात कशीबशी निघाली असती, पण सकाळी घरात वीस-पंचवीस पाहुणे. कपाटाच्या दाराला हात लावणार नाही असं एकही मूल त्या मंडळीत नव्हतं.

"जागा आहे," चीफ म्हणाले. "उद्या या घरात एकच गोष्ट अशी आहे जिला दिवसभर कुणी हात लावत नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मी म्हटलं, "चीफ, नको."

सकाळी सहाला उठून चीफनी गुढी स्वतः उभारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. कपडे वाळत घालायचा लांब बांबू त्यांनी कॉरिडॉरच्या कठड्याला बांधला, आणि काकूंच्या आईची हिरवी पैठणी नेहमीपेक्षा लांब निऱ्या घालून सोडली, अगदी खालपर्यंत. तांब्या, साखरगाठी, कडुनिंब, सगळं यथास्थित. आत, बांबू आणि पैठणीच्या मध्ये, दोन्ही स्किन्स लोंबत होत्या. गोंद आणि साडी यांच्यामध्ये बटर पेपर घातला आहे, काळजी करू नकोस, असं त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलं. पूजा झाली. पाहुण्यांनी श्रीखंड-पुरी हाणली. "यंदा गुढी काय देखणी दिसतेय," असं चार जणींनी म्हटलं, आणि चीफ नवरीच्या बापासारखे हात जोडून उभे राहिले.

दुपारी पाहुणे गेले. चार वाजता आभाळ भरून आलं आणि इथे पावसाआधी सुटतो तसा सोसाट्याचा वारा सुटला. समोरच्या कॉरिडॉरमधले सगळे कपडे फडफडायला लागले. शेजारच्या चिनी आंटी आपला कपड्यांचा बांबू आत घेत होत्या. त्या मध्येच थांबल्या आणि आमच्या जाळीच्या दारातून ओरडल्या, "आंटी! युवर सारी नॉट मूव्हिंग, लह! विंड सो स्ट्राँग, स्टिल नॉट मूव्हिंग!"

काकू बाहेर आल्या. मीही आले. पैठणी दांड्याशी ताठ उभी होती, शाळेतल्या ध्वजवंदनाच्या मुलासारखी. खाली अंगणात बटर पेपरचे दोन लांब तुकडे वाऱ्यावर गिरक्या घेत निघाले होते.

काकूंनी साखरेचा नैवेद्य दाखवला, हळदकुंकू वाहिलं, गुढी उतरवली. तेवढं सगळं शांतपणे केलं. मग पैठणीची एक निरी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "चीफ."

दिवसभराच्या उकाड्याने गोंद पातळ झाला होता आणि रेशमाने तो धरला होता. मीच म्हटलं, ओढू नका, फ्रीझरमध्ये घालू, गार झाला की गोंद कडक होतो, मग साडी सुटेल. "आणि स्किन्स?" काकूंनी विचारलं. त्यांनी विचारलं याचंच मला आश्चर्य वाटलं. मी खरं ते सांगितलं. साडी वाचेल, पण रेशमाची लव गोंदात राहील आणि मधला गोंद जाईल. स्किन्स वाचवायच्या तर साडी कापून मोकळी करावी लागेल.

"मूर्खासारखं बोलू नकोस," चीफ माझ्यावर खेकसले. "फ्रीझर रिकामा कर."

श्रीखंड, मटार, बर्फाचे ट्रे सगळं बाहेर आलं आणि ते हिरवं गाठोडं आत गेलं. तासाभराने चीफ जेवणाच्या टेबलापाशी बसले आणि वीत-वीतभर साडी सोडवू लागले. एका हाताने पैठणी, दुसऱ्या हाताच्या उघड्या बोटांनी गोंद दाबून. ज्या माणसाने आयुष्यात गोंदाला बोट लावलं नव्हतं, मला लावू दिलं नव्हतं, त्याची दहाच्या दहा बोटं त्यात बरबटली होती. मी चिमटा पुढे केला तर म्हणाले, "नको. चिमट्याने जरीचा धागा निघेल." मला तेव्हा त्यांची फार माया आली. पैठणी सुटली. पदरावरचा एकही मोर दुखावला नव्हता. स्किन्स मात्र हिरव्या झाल्या होत्या, आणि एकीच्या मागच्या टोकाला वीतभर गोंदच उरला नव्हता. ट्यूब संपली होती आणि विमान दुसऱ्या दिवशी होतं.

"जात नाही मी," चीफ म्हणाले. "हॅम्बुर्गला."

काकू आत गेल्या आणि भरलेली बॅग घेऊन आल्या. उघडून दाखवली. वर दोन शर्ट होते. खाली लोकरीचे मोजे, कानटोपी, आणि गुडघ्याचा नवाकोरा पट्टा.

"लिफ्ट चालू असताना महिनाभर अकरा मजले चढतोय माणूस, तो कुठल्या हॅम्बुर्गला चाललाय ते मला कळत नाही होय? विचारलं असतंत तर भांडले असते. पण पट्टा दिलाच असता." मग आवाज जरा चढला. "इतकी वर्षं माझ्या भाज्या बाहेर ठेवून त्या कातड्यांना फ्रिजमध्ये जागा दिली, ती काय अर्ध्या डोंगरासाठी? आता वरपर्यंत जाऊन या. अर्ध्यातून आलात तर मी कप्प्यात वांगी भरीन."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसून चिमट्यांनी हिरवी लव वेचत होतो. निम्मी निघाली.

चीफ दोन आठवड्यांनी परत आले. नाक सोललेलं, ओठ फाटलेले, चालताना लंगडत, आणि चेहऱ्यावर असं हसू की विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दोनदा बॅग तपासली म्हणे. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी काकूंच्या हातात एक फोटो ठेवला. दोन म्हातारे एका पांढऱ्या माथ्यावर, पाठीमागे नुसतं आकाश. चीफनी आपली स्की उताणी करून कॅमेऱ्यासमोर धरली होती. स्की आणि स्किन यांना एकत्र बांधून ठेवणारे लालभडक दोरीचे तीन घट्ट वेढे त्यात स्पष्ट दिसत होते.

माथा पूर्वीइतकाच समोर दिसत असताना मागचं टोक सुटलं होतं. चीफ म्हणाले, मी खाली बसलो आणि कॅप्टनकडे बघितलंच नाही. पाणी प्यायला पाठीवरची पिशवी उघडली तर तळाशी, सेफ्टी पिनांच्या झुबक्याखाली, ही.

"कॅप्टनने विचारलं, व्हॉट इज धिस? मी म्हटलं, इंडियन इक्विपमेंट."

"नाडी म्हणून सांगितलं नाहीत?" काकू म्हणाल्या.

"वर पोचल्यावर सांगितलं. इतका हसला की बसला बर्फात. मग गाठ निघेना, गोठली होती. तो सुरी काढून कापायला निघाला. मी म्हटलं, खबरदार. नाडी मोजून परत द्यावी लागते आमच्यात. तोंडात धरून वितळवली मी ती गाठ."

काकू फोटो डोळ्यांजवळ धरून उभ्या राहिल्या, आणि पदर डोळ्यांना लावला तेव्हा चीफनी घाईघाईने मला चहा टाकायला पाठवलं. पैठणी काकू पुढेही नेसल्या. निऱ्यांपाशी हात लावला तर एक जागा अजून जराशी चिकट लागते असं त्या सांगत, पण तक्रार केल्यासारखं नाही.

स्किन्स पुन्हा कधी बर्फावर गेल्या नाहीत. कप्पा आता मोकळा होईल, या आशेने मी एकदा त्यात वांगी ठेवायला गेले. निळी पिशवी होती तिथेच होती. तिच्याशेजारी, स्वतःच्या वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, दोन सिलिका जेलच्या पुड्यांसकट, लाल नाडी नीट गुंडाळून ठेवलेली होती. मी ती उचलणार तोच मागून आवाज आला.

"गोंदबाई, आधी हात दाखव."